नाव तेच, यंत्र नवे. यंत्र तेच, नाव नवे : भारतीय ट्रॅक्टरच्या पिढ्यांचा क्रम

संख्येचा विचार केल्यास भारत हा जगात सर्वाधिक ट्रॅक्टर तयार करणारा देश आहे. २०२०-२१ या आर्थिक वर्षात देशांतर्गत बाजारात सुमारे नऊ लाख ट्रॅक्टर विकले गेले. १९६१-६२ मध्ये हीच निर्मिती अवघी ८८० होती. या सहा दशकांत देशात अनेक मॉडेल आली आणि गेली. त्यांच्या क्रमाचे एक वैशिष्ट्य मात्र सहसा लक्षात येत नाही. भारतात नव्या मॉडेलने जुन्याला पूर्णपणे बाजूला सारल्याची उदाहरणे कमीच आहेत. बहुतेक वेळा नाव कायम राहून आतील यंत्र बदलले, किंवा यंत्र कायम राहून त्यावरील नाव बदलले.

या दोन प्रकारांतील फरक केवळ हौशी संग्राहकांच्या कुतूहलाचा विषय नाही. ट्रॅक्टर खरेदीसाठी शेतकरी बहुधा कर्ज काढतो आणि त्यासाठी अनेकदा जमीन तारण ठेवावी लागते. यंत्राचे सुटे भाग मिळेनासे झाले, तर यंत्र थांबते. हप्ते मात्र थांबत नाहीत. त्यामुळे एखाद्या मॉडेलचा वंश पुढे चालला की खुंटला, याचा थेट संबंध शेतकऱ्याच्या संसाराशी येतो.

नर्मदा खोऱ्यातील आरंभ

स्वतंत्र भारतात ट्रॅक्टरचा मोठ्या प्रमाणावर वापर प्रथम मध्य भारतात झाला. त्याचे कारण होते कांस नावाचे गवत. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना हरळी आणि कुंदा यांचा जसा जाच असतो, तसाच जाच मध्य भारतातील काळ्या जमिनीला कांसाचा होता. या गवताची मुळे जमिनीत खोलवर पसरतात. बैलांच्या नांगराने वरचा थर तेवढा उलटतो आणि खालच्या मुळांतून गवत पुन्हा फुटते. कांसाने व्यापलेली जमीन अनेक ठिकाणी पडीक टाकावी लागली होती.

यावर उपाय म्हणून १९४७ मध्ये केंद्र सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन केली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराकडे उरलेले ट्रॅक्टर हे तिचे पहिले भांडवल होते. सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. कांसग्रस्त जमीन लागवडीखाली आणण्यासाठी ट्रॅक्टर खरेदी करणे हा त्याचा मुख्य हेतू होता. चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालणारे हे अवजड ट्रॅक्टर उन्हाळ्यात जमीन खोल नांगरत. उघडी पडलेली मुळे उन्हात वाळून जात. भोपाळ, मध्य भारत आणि तत्कालीन मध्य प्रदेश या राज्यांत हे काम झाले. तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ आणि जबलपूर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते.

जबलपूर आणि नरसिंहपूर परिसरात शेतीची 'हवेली' ही जुनी पद्धत होती. शेताला उंच बांध घालून पावसाचे पाणी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत साठवून ठेवायचे, नंतर ते सोडून द्यायचे आणि ओलाव्यावर गहू, हरभरा किंवा मसूर पेरायचा, असा तिचा क्रम असे. साचलेल्या पाण्यामुळे तण मरत असे आणि खरिपात मशागतीची गरज पडत नसे. जबलपूर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाने सोयाबीनवर काम केले. पुढील काळात या पिकाचा प्रसार झाला आणि खरिपातही शेत पिकाखाली येऊ लागले. सोयाबीनची काढणी आणि गव्हाची पेरणी यांमध्ये मोजकेच दिवस उरतात. त्या दिवसांत जमीन तयार करायची, तर बैलजोडी अपुरी पडते. या प्रदेशात ट्रॅक्टरची गरज वाढण्यामागे हे एक प्रमुख कारण होते.

गरज होती ती मात्र कांस उखडणाऱ्या अवजड यंत्राची नव्हे. कुळवणी, पेरणी, मळणी आणि वाहतूक ही सर्व कामे करील आणि एका कुटुंबाला परवडेल, असा २५ ते ३५ अश्वशक्तीचा चाकांचा ट्रॅक्टर शेतकऱ्याला हवा होता. पुढील सर्व मॉडेलांची स्पर्धा याच गटात झाली.

परवान्यांचा काळ

१९५१ मध्ये देशात सुमारे साडेआठ हजार आणि १९६१ मध्ये सुमारे ३१ हजार ट्रॅक्टर वापरात होते. प्रारंभी ते सर्व आयात केलेले असत. परकीय चलनाची टंचाई वाढल्यावर सरकारने देशांतर्गत निर्मितीला प्रोत्साहन दिले. संपूर्ण नवी रचना विकसित करण्याइतका अनुभव त्या वेळी देशात नव्हता. त्यामुळे परदेशी कंपनीची सिद्ध झालेली रचना परवान्याने घ्यायची, प्रारंभी सुटे भाग आणून जुळणी करायची आणि टप्प्याटप्प्याने ते भाग देशात तयार करायचे, असे धोरण ठरले.

हे धोरण केवळ ट्रॅक्टरपुरते नव्हते. जबलपूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. लष्करी छावणी आणि तिचा सदर बाजार यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या शहरात लष्करी वाहनांची निर्मितीही याच मार्गाने झाली. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तेथे 'शक्तिमान' ट्रक तयार झाला, तर जपानच्या निस्सान कंपनीच्या रचनेवरून 'जोंगा' हे वाहन तयार झाले. मूळ देशांत त्या रचना मागे पडल्यानंतरही जबलपूरमध्ये त्यांचे उत्पादन दीर्घकाळ सुरू होते. ट्रॅक्टरच्या बाबतीतही तेच घडले.

ट्रॅक्टर निर्मितीचा पहिला मान आयशर या नावाकडे जातो. जर्मनीतील आयशर बंधूंच्या कंपनीशी करार करून २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबाद येथील कारखान्यातून पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पाण्याऐवजी हवेने थंड होणारे इंजिन हे त्याचे वैशिष्ट्य होते. रेडिएटर नसल्याने पाणी भरण्याची किंवा गळतीची चिंता नव्हती. १९६१ मध्ये मद्रास येथील टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने उत्पादन सुरू केले. १९६३ मध्ये बडोद्याजवळील विश्वामित्री येथे चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर रचनेवर आधारित 'हिंदुस्तान' ट्रॅक्टर तयार होऊ लागले. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुस कंपनीची रचना स्वीकारली. मुंबईत महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' स्थापन केली.

ब्रिटन, जर्मनी, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या चार देशांतील रचना अशा प्रकारे एकाच दशकात भारतीय शेतात उतरल्या. आज दिसणाऱ्या अनेक ट्रॅक्टरची मुळे तेथे सापडतात.

बी-२७५ : आकडा टिकला, इंजिन बदलले

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे मॉडेल म्हणजे बी-२७५. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या इंग्लंडमधील डॉनकास्टर येथील कारखान्यात १९५६ मध्ये बी-२५० हे मॉडेल तयार झाले. १९५८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती बी-२७५ आली. बी-२५० च्या तुलनेत तिची शक्ती अधिक, म्हणजे सुमारे ३५ अश्वशक्ती होती. पुढे जाण्यासाठी पाचऐवजी आठ गिअर होते. पेरणी, आंतरमशागत आणि रस्त्यावरील वाहतूक यांसाठी वेगवेगळा वेग लागतो. आठ गिअरमुळे त्यातील योग्य वेग निवडणे सोपे झाले.

या ट्रॅक्टरमध्ये चार सिलिंडरचे डिझेल इंजिन होते. त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी एका लहान कोठीत पेट घेत असे. थंडीत इंजिन सुरू करताना ही कोठी तापवण्यासाठी विजेवर लाल होणारे प्लग वापरावे लागत.

मुंबईतील कांदिवली येथील कारखान्यातून १९६५ मध्ये भारतीय बी-२७५ बाहेर पडू लागला. इंग्लंडमध्ये त्या वेळी त्याचे उत्तराधिकारी मॉडेल बाजारात आलेले होते आणि १९६८ मध्ये तेथील बी-२७५ चे उत्पादन थांबले. भारतात मात्र तेव्हा त्याची कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. १९८२ मध्ये 'महिंद्र' या नावाने ट्रॅक्टर विकले जाऊ लागले आणि १९८३ मध्ये कंपनी देशातील विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

त्यानंतरच्या २७५ डीआय या मॉडेलमध्ये जुना आकडा कायम राहिला. 'डीआय' ही दोन अक्षरे इंजिनातील बदल दर्शवतात. त्यांचा अर्थ डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारण्याची पद्धत. लहान कोठीच्या भिंतींतून वाया जाणारी उष्णता त्यामुळे वाचते, इंधन कमी लागते आणि थंडीतही इंजिन लवकर सुरू होते. दिवसभर ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक डिझेलच्या खर्चात जाणवतो.

सिलिंडरची संख्याही बदलली. मूळ बी-२७५ चे इंजिन चार सिलिंडरचे होते, तर २७५ डीआयचे इंजिन तीन सिलिंडरचे आणि २,०४८ घन सेंटिमीटर क्षमतेचे आहे. याच घराण्यातील ४७५ आणि ५७५ या मॉडेलांत चार सिलिंडरचे २,७३० घन सेंटिमीटरचे इंजिन बसवले गेले. दोन्ही आकड्यांना सिलिंडरच्या संख्येने भागल्यास उत्तर जवळजवळ सारखेच, म्हणजे सुमारे ६८३ घन सेंटिमीटर येते. एकच सिलिंडर तीनदा किंवा चारदा वापरून दोन शक्तींची इंजिने तयार करण्यात आली. अशा रचनेत पिस्टनसारखे भाग सामाईक ठेवता येतात. तालुक्याच्या गावातील दुकानदाराला कमी माल साठवून अधिक ग्राहकांची गरज भागवता येते. मिस्त्रीलाही एका इंजिनावर मिळवलेला अनुभव दुसऱ्यावर उपयोगी पडतो.

अशा प्रकारे २७५ या आकड्याचा मूळ इंजिनाशी असलेला संबंध संपला आणि तो केवळ ओळखीचे चिन्ह म्हणून उरला. शेतकऱ्याचा विश्वास त्या आकड्यावर होता. म्हणूनच यंत्र बदलताना कंपनीने आकडा बदलला नाही.

मॅसी ३५ ते १०३५

दुसरी प्रमुख वंशावळ मॅसी फर्ग्युसनची आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेले अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडण्यासाठी तीन सांध्यांची रचना विकसित केली. तिच्यामुळे नांगर ट्रॅक्टरच्या मागे केवळ ओढला न जाता त्याच्या शरीराचाच भाग बनला. अवजाराचे वजन मागील चाकांवर येऊन पकड वाढली आणि चालकाला बसल्या जागेवरून अवजार उचलता येऊ लागले. हलक्या ट्रॅक्टरकडून भारी काम करून घेणे त्यामुळे शक्य झाले. हीच पद्धत पुढे जगभर रूढ झाली. आज भारतातील कोणत्याही ट्रॅक्टरला कुळव, पेरणी यंत्र किंवा रोटाव्हेटर जोडताना वापरले जाणारे तीन सांधे फर्ग्युसन यांच्या रचनेचे वंशज आहेत.

फर्ग्युसन यांचा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार होत असे. १९५६ मध्ये त्याची जागा ३५ या मॉडेलने घेतली. १९५७ पासून ते मॅसी फर्ग्युसन ३५ या नावाने ओळखले जाऊ लागले. १९५९ मध्ये त्याला पर्किन्स कंपनीचे तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन मिळाले आणि त्याची लोकप्रियता वाढली. १९६४ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये त्याच्या जागी १३५ हे मॉडेल आले.

भारतात टॅफेने ३५ ची रचना पुढे नेली आणि ती १०३५ या नावाने स्थिरावली. तिच्यासाठी लागणारे इंजिन मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पर्किन्सच्या परवान्याने तयार केले. ट्रॅक्टर आणि इंजिन एकाच शहरात तयार होत असल्याने पुरवठ्याची साखळी मजबूत राहिली. कॉव्हेंट्रीचा कारखाना २००३ च्या सुमारास बंद झाला. १०३५ चे उत्पादन मात्र त्यानंतरही सुरू राहिले.

नावाच्या मालकीचा प्रश्न या वंशावळीत अलीकडे उपस्थित झाला होता. मॅसी फर्ग्युसनचे नाव अमेरिकेच्या ॲग्को कंपनीकडे गेले होते. तिच्यात आणि टॅफेमध्ये २०२४ मध्ये वाद निर्माण झाला. २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार भारत, नेपाळ आणि भूतान या देशांत हे नाव टॅफेकडे आले. परवाना घेऊन सुरुवात करणारी कंपनी सहा दशकांनंतर त्या नावाची येथील मालक झाली.

झेटर : एक कुटुंब, अनेक नावे

चेकोस्लोव्हाकियातील बर्नो येथील झेटर कारखान्याने १९६० च्या सुमारास एक नवी कल्पना अमलात आणली. २०११, ३०११ आणि ४०११ या तीन मॉडेलांत अनुक्रमे दोन, तीन आणि चार सिलिंडरची इंजिने होती; मात्र त्यांचे शक्य तितके भाग सामाईक ठेवण्यात आले. महिंद्रच्या इंजिनांच्या संदर्भात पाहिलेले तत्त्व येथे संपूर्ण ट्रॅक्टरला लागू केलेले दिसते.

हरितक्रांतीच्या सुरुवातीला ट्रॅक्टरची मागणी देशांतर्गत उत्पादनापेक्षा बरीच अधिक होती. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने पूर्व युरोपातून ट्रॅक्टर आयात केले. या देशांशी रुपयांत व्यवहार करता येत असल्याने डॉलर किंवा पौंड खर्च करावे लागत नसत. झेटर २०११, सोव्हिएत संघाचा डीटी-१४, पूर्व जर्मनीचा आरएस-०९ आणि पोलंडचे उर्सुस ही त्यातील परिचित नावे होत. राज्यांच्या कृषी उद्योग महामंडळांमार्फत त्यांचे वितरण होत असे. महाराष्ट्रात असे महामंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले होते.

या आयात ट्रॅक्टरचे भवितव्य एकसारखे नव्हते. ज्या मॉडेलची निर्मिती पुढे भारतात सुरू झाली, त्यांना वारस मिळाले. ज्यांची झाली नाही, त्यांच्या सुट्या भागांचा पुरवठा पुढील आयातीवर अवलंबून राहिला. आरएस-०९ आणि डीटी-१४ यांचा वंश भारतात पुढे चालला नाही.

झेटरला मात्र दोन भारतीय वारस मिळाले. पहिला बडोद्याचा 'हिंदुस्तान' आणि दुसरा सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्तान मशीन टूल्स, म्हणजे एचएमटी. हरियाणातील पिंजोर येथे एचएमटीने १९७१ मध्ये २५ अश्वशक्तीच्या २५११ या मॉडेलचे उत्पादन सुरू केले. त्यानंतर ३५११ आले. हे आकडे झेटरच्याच पद्धतीचे होते. घड्याळांमुळे घरोघरी पोहोचलेले एचएमटी हे नाव ट्रॅक्टरमुळे शेतापर्यंत पोहोचले.

या शाखेचा शेवट वेगळा झाला. बडोद्याची कंपनी आधी गुजरात सरकारकडे आणि नंतर महिंद्रकडे गेली. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये जाहीर केला. बर्नो येथील मूळ झेटर कंपनी टिकून राहिली. तिचा भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील वारस मात्र टिकला नाही. डॉनकास्टर आणि कॉव्हेंट्री यांच्या बाबतीत जे घडले, त्याच्या नेमके उलट येथे घडले.

फोर्ड ते फार्मट्रॅक

यंत्र कायम राहून नाव बदलल्याचे ठळक उदाहरण एस्कॉर्ट्सच्या इतिहासात आढळते. उर्सुस रचनेच्या ट्रॅक्टरबरोबरच या कंपनीने फोर्डशी करार केला आणि १९७१ मध्ये फरिदाबाद येथे फोर्ड ३००० चे उत्पादन सुरू केले. फोर्डने १९६५ मध्ये जगभरासाठी आणलेल्या मालिकेतील हे तीन सिलिंडरचे मॉडेल होते. त्याची जागा पुढे फोर्ड ३६०० ने घेतली. उत्तर भारतात या निळ्या ट्रॅक्टरने मोठा विश्वास मिळवला.

१९९१ मध्ये फोर्डचा ट्रॅक्टर व्यवसाय इटलीच्या फियाट समूहाकडे गेला आणि 'न्यू हॉलंड' या नावाखाली एकत्र आला. त्यामुळे फोर्ड हे नाव पुढे वापरणे एस्कॉर्ट्सला शक्य राहिले नाही. कंपनीने त्याच रचनेचा ट्रॅक्टर 'फार्मट्रॅक' या नावाने पुढे सुरू ठेवला. उर्सुसपासून चालत आलेली दुसरी शाखा 'पॉवरट्रॅक' झाली. २०२२ मध्ये जपानच्या कुबोटा कंपनीने नियंत्रण मिळवल्यानंतर कंपनीचे नाव एस्कॉर्ट्स कुबोटा झाले.

बॉनेटवरील नाव बदलले, तरी जाणकार मिस्त्रीला आतील नाते समजते. जुन्या फोर्डचा मालक फार्मट्रॅकच्या विक्रेत्याकडे सुटा भाग शोधायला जातो, तो या नात्याच्या आधारेच.

स्वराज : परवान्याविना आलेले मॉडेल

या सर्व परदेशी वंशावळींमध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे. दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत लहान ट्रॅक्टरची संपूर्ण भारतीय रचना विकसित करण्यात आली. तिच्या उत्पादनासाठी १९७० मध्ये पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. १९७४ मध्ये 'स्वराज ७२४' हे मॉडेल बाजारात आले. त्यापाठोपाठ स्वराज ७३५ आणि पुढे ८५५ आले.

या भारतीय ट्रॅक्टरचे इंजिन महाराष्ट्रातून येत असे. पुण्यातील किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने स्वराजसाठी दोन सिलिंडरचे इंजिन पुरवले. पाणी उपसणाऱ्या डिझेल इंजिनांमुळे किर्लोस्कर हे नाव आणि त्याची दुरुस्ती करणारे कारागीर देशाच्या खेड्यापाड्यांत आधीच पोहोचलेले होते. ट्रॅक्टर नवा असला, तरी त्याचे इंजिन अनोळखी नव्हते. १९८५ मध्ये किर्लोस्करच्या भागीदारीतून 'स्वराज इंजिन्स' ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

परदेशी परवाना नसल्याने स्वराजच्या रचनेत बदल करण्यासाठी कोणाचीही संमती आवश्यक नव्हती. मूळ कंपनी बंद पडण्याची किंवा नाव काढून घेतले जाण्याची भीतीही नव्हती. २००७ मध्ये महिंद्रने पंजाब ट्रॅक्टर्सवर नियंत्रण मिळवले. त्यानंतरही 'स्वराज' हे नाव वेगळे राखण्यात आले. बी-२७५ चा आकडा ज्या कारणासाठी जपला गेला, तेच कारण येथेही दिसते.

वंश खुंटलेली मॉडेल

चांगली रचना असूनही काही प्रयत्न टिकले नाहीत. जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने १९७४ मध्ये नाशिक येथे किर्लोस्कर ट्रॅक्टर्सने उत्पादन सुरू केले होते. उत्तर प्रदेशातील प्रतापगढ येथे ब्रिटिश लेलँडच्या तंत्रज्ञानावर ऑटो ट्रॅक्टर्स लिमिटेडची उभारणी १९८१ मध्ये झाली. ही दोन्ही नावे बाजारातून नाहीशी झाली.

टिकलेली आणि न टिकलेली मॉडेल शेजारी ठेवली, तर फरक अश्वशक्तीत किंवा तंत्रज्ञानाच्या नवेपणात दिसत नाही. हवेने थंड होणारे इंजिन आयशरकडे होते आणि डॉइट्झकडेही. आयशरचे एक सिलिंडरचे २४१ हे मॉडेल दीर्घकाळ विकले गेले. २००५ मध्ये आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय टॅफेकडे गेला, तेव्हा ते नावही पुढे चालले. ट्रॅक्टरला पुरेशी संख्या गाठावी लागते. संख्या असेल, तर दुकानदार सुटे भाग ठेवतो. सुटे भाग असतील, तर मिस्त्री काम शिकतो. मिस्त्री असेल, तर पुढचा शेतकरी तेच मॉडेल घेतो. हे चक्र एकदा सुरू झाले की जुने मॉडेलही टिकते. ते सुरू झाले नाही, तर उत्तम यंत्रही एकाकी पडते.

जुन्या मॉडेलची ओळख

जुन्या ट्रॅक्टरचे वय केवळ रूपावरून ठरवणे कठीण असते. बॉनेट, दिवे आणि रंग दुरुस्तीच्या वेळी बदलले जातात. इंजिनही दुसऱ्या ट्रॅक्टरचे असू शकते. त्यामुळे इंजिन क्रमांक, चासी क्रमांक आणि नोंदणीची कागदपत्रे या तिन्हींचा मेळ पाहणे आवश्यक ठरते. सिलिंडरची संख्या हा सोपा निकष आहे. २७५ असा आकडा असलेल्या ट्रॅक्टरमध्ये चार सिलिंडर असतील, तर तो जुन्या बी-२७५ च्या घराण्यातील असण्याची शक्यता अधिक. तीन असतील, तर तो डीआय पिढीतील मानता येतो.

या संदर्भात मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालांना विशेष महत्त्व आहे. नर्मदेच्या काठी, होशंगाबाद म्हणजे सध्याच्या नर्मदापुरमच्या समोर असलेल्या या ठिकाणी १९५५ मध्ये ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. १९५९ पासून तेथे चाचण्याही होऊ लागल्या. इंजिनाची शक्ती, इंधनाचा वापर, ओढण्याची क्षमता आणि अवजार उचलण्याची ताकद यांची तेथे मोजणी होते. जाहिरातीतील अश्वशक्ती आणि अवजारापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारी शक्ती यांतील फरक अशा अहवालातून कळतो. एखाद्या मॉडेलच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीत नेमके काय बदलले, हे समजून घेण्याचा तो विश्वसनीय आधार आहे.

धुराचे नियम आणि पुढील क्रम

मॉडेलांचा क्रम ठरवणारा परवाना हा घटक १९९१ नंतरच्या उदारीकरणाने मागे पडला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस न्यू हॉलंड आणि जॉन डिअर या परदेशी कंपन्या स्वतःचे कारखाने घेऊन भारतात आल्या. जॉन डिअरने पुण्याजवळील सणसवाडी येथे प्रारंभी लार्सन अँड टुब्रोच्या भागीदारीत उत्पादन सुरू केले.

परवान्याची जागा आता धुराच्या नियमांनी घेतली आहे. ५० अश्वशक्तीपेक्षा अधिक शक्तीच्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून अधिक कडक निकष लागू झाले. त्यासाठी इंधनाची फवारणी इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने नियंत्रित करण्याकडे कंपन्या वळल्या. अशा इंजिनाच्या दुरुस्तीला पाना आणि अनुभव यांच्या जोडीला संगणकीय उपकरणही लागते. देशात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरपैकी बहुसंख्य ५० अश्वशक्तीच्या आतील आहेत. त्यामुळे यांत्रिक पंप असलेल्या जुन्या घराण्यांना त्या वेळी तरी अवकाश मिळाला.

हे नियम लहान ट्रॅक्टरपर्यंत पोहोचतील, तेव्हा १९५० च्या दशकातील युरोपीय रचनांपासून चालत आलेल्या अनेक शाखांची खरी परीक्षा होईल. बॉनेटवरील ओळखीचा आकडा त्यानंतरही राहील, असे २७५ च्या इतिहासावरून म्हणता येते. त्या आकड्यामागील यंत्र गावातील मिस्त्रीला दुरुस्त करता येईल का आणि त्याचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतील का, यावरच ते मॉडेल शेतात टिकेल की नाही, हे ठरेल.